अंजनवेलचा पाडाव, कॅप्टन स्टाँटन आणि लष्करी पदके : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

वसाहतकालीन लष्करी इतिहासाची साधने म्हटली की दप्तरातील पत्रव्यवहार, खलिते, गॅझेटियर आणि आठवणींचे ग्रंथ यांचा प्रामुख्याने विचार होतो. पदक या वस्तुरूप साधनाकडे मात्र मराठीत पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक पदक हा राज्यसत्तेने धातूवर लिहून दिलेला दाखलाच होय. कोणत्या लढाईचे स्मरण ठेवावयाचे, कोणाच्या छातीवर ते झळकावयाचे आणि कोणाला त्यातून वगळावयाचे, हे निर्णय त्या लहानशा तबकडीत साठविलेले असतात. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल येथील १८१८ ची घटना आरंभबिंदू मानून, त्याच युद्धात नाव मिळविलेला कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन, त्याच्या काळातील पदकांची व्यवस्था आणि त्या व्यवस्थेत देशी अधिकारी व शिपाई यांचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे. अंजनवेल जिंकून घेतल्याबद्दल कोणालाही स्वतंत्र पदक अथवा पदकावरील पट्टी का मिळाली नाही, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अंजनवेल : स्थान आणि १८१८ चा पाडाव

वाशिष्ठी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल ही गावे वसली आहेत. दाभोळ हे मध्ययुगातील नामांकित बंदर. त्या बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवण्याचे काम अंजनवेलचा किल्ला करीत असे. विजापूरच्या राजवटीत उभारलेला हा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळात बळकट झाला. १६९९ मध्ये तो जंजिऱ्याच्या सिद्दी खैरियतखानाच्या ताब्यात गेला. अठराव्या शतकाच्या मध्यास तुळाजी आंग्रे यांनी तो जिंकून त्याला गोपाळगड हे नाव दिले आणि आंग्रे–पेशवे संघर्षानंतर तो पेशव्यांकडे आला. विजापूर, सिद्दी, आंग्रे व पेशवे या चारही सत्तांना हा किल्ला आपल्या हाती असावा असे वाटले, यावरूनच खाडीच्या मुखाचे महत्त्व स्पष्ट होते.

तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात कंपनी सरकारने कोकणातील गड एकामागून एक ताब्यात घेतले. उत्तरेकडे कर्नल प्रॉथर याच्या फौजेपुढे १० मे १८१८ रोजी रायगड शरण आला. त्यानंतर अवघ्या आठवड्याने, १७ मे १८१८ रोजी, कर्नल केनेडी याच्या फौजेने अंजनवेल घेतले. पुढे सतराच दिवसांनी, ३ जून रोजी, दुसरे बाजीराव पेशवे सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. म्हणजे अंजनवेलचा पाडाव हा पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतील प्रसंग होय. स्थानिक दृष्टीने पाहता या दिवशी दाभोळ खाडीवरील सत्ता पालटली. लष्करी मानसन्मानाच्या नोंदीत मात्र या दिवसाला स्थान मिळाले नाही.

पदकांची कंपनीकालीन परंपरा

कंपनी सरकार शिपायांना पदके देत नव्हते, असे नाही. १७७८ ते १७८४ या काळातील मोहिमांसाठी देशी सैनिकांना देण्यात आलेले दख्खन पदक फारसी मजकुराचे होते. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयानंतर पाडलेले पदक सोने, मुलामा दिलेली चांदी, चांदी, कांसे आणि कथील अशा प्रकारांत, हुद्द्याप्रमाणे वाटण्यात आले. एकाच लढाईचे स्मरण सेनापतीच्या हाती सोन्याचे आणि शिपायाच्या हाती कथलाचे असावे, ही त्या काळाची श्रेणीबद्ध दृष्टी त्यातून प्रकट होते.

१८१७–१८ च्या युद्धानंतर तत्काळ असे कोणतेही पदक काढण्यात आले नाही. विजयाचा मोबदला भत्ता, बढती, निवृत्तिवेतन आणि युद्धातील लुटीचा हिस्सा या स्वरूपात अपेक्षित असे, आणि दख्खनच्या लुटीची वाटणी कोणी व कशी करावयाची याचा वाद पुढे अनेक वर्षे चालला. पदकाचा विचार पुढे आला तो इंग्लंडमधील एका निर्णयामुळे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांतील हयात सैनिकांसाठी १८४७ मध्ये एक सामान्य सेवापदक मंजूर झाले. तेव्हा हिंदुस्थानात लढलेल्यांनाही तसेच पदक मिळावे, ही मागणी बळावली. त्यातून १८५१ मध्ये कंपनीच्या खर्चाने ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ निघाले.

हे पदक चांदीचे असून त्याची फीत फिकट निळी आहे. एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मस्तक, तर दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडाशेजारी बसलेली विजयदेवता व १७९९–१८२६ ही वर्षे आहेत. कोणत्या लढाईसाठी पदक मिळाले ते फितीवरील आडव्या चांदीच्या पट्टीवर कोरलेले असते. या पट्टीला ‘क्लास्प’ म्हणतात. अशा एकूण २१ पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांत असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर आणि कोरेगाव ही महाराष्ट्राला परिचित नावे आहेत.

अंजनवेलला पट्टी का नाही ?

या यादीचे बारकाईने अवलोकन केले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धातील ज्या प्रसंगांना पट्ट्या मिळाल्या ते सर्व नोव्हेंबर १८१७ ते १ जानेवारी १८१८ या दोन महिन्यांतील आहेत. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची, सीताबर्डीची २६ व २७ नोव्हेंबरची, महिदपूरची डिसेंबरमधील आणि कोरेगावची नववर्षाच्या पहिल्या दिवसाची. त्यानंतर सहा महिने चाललेल्या गडांच्या मोहिमेतील एकाही वेढ्यासाठी पट्टी देण्यात आली नाही. सिंहगड, वासोटा, रायगड, सोलापूर आणि मालेगाव यांचीही गत अंजनवेलसारखीच झाली. असीरगडची पट्टी आहे, परंतु ती १८०३ च्या प्रसंगासाठी असून १८१९ च्या मोठ्या वेढ्यासाठी नाही.

यावरून पदक ठरविणाऱ्यांची दृष्टी लक्षात येते. मोकळ्या मैदानात, संख्येने मोठ्या शत्रूसमोर, एका दिवसात निकालात निघालेली लढाई स्मरणीय मानली गेली. याउलट तोफा डोंगर चढवून नेणे, पावसाळ्याच्या तोंडावर खाडी ओलांडणे, किल्लेदाराशी बोलणी करून दरवाजा उघडून घेणे, ही कामे युद्धाचा निकाल पक्का करणारी असली तरी त्यांना वेगळे नाव मिळाले नाही. गड पडल्याखेरीज प्रदेश हाती येत नाही, हे कोकणात सर्वांना ठाऊक होते. पदकांच्या भाषेत मात्र कोकणची मोहीम हा मुख्य युद्धाचा उपसंहार ठरला. परिणामी अंजनवेलसमोर उभा राहिलेला शिपाई यादीतील अन्य एखाद्या लढाईत हजर नसेल, तर १८५१ मध्ये हयात असूनही तो पदकास अपात्र होता.

कॅप्टन स्टाँटन : मानकरी असूनही पदकाविना

ज्यांच्या लढाईला पट्टी मिळाली त्यांची स्थिती तरी काय होती, हे कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या चरित्रावरून समजते. स्टाँटन हा मुंबई सैन्यातील अधिकारी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तो शिरूरहून पुण्याच्या मदतीस निघाला. त्याच्याबरोबर मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, काही घोडेस्वार, आणि मद्रास तोफखान्याचे गोलंदाज व दोन तोफा अशी सुमारे आठशे माणसांची तुकडी होती. १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी भीमेच्या काठी कोरेगावजवळ समोर पेशव्यांची मोठी फौज दिसताच त्याने गावाचा आश्रय घेतला. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून, पाण्यावाचून, हातघाईची लढाई झाली. तोफखान्याचा लेफ्टनंट चिझम मारला गेला. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली आणि स्टाँटन उरलेल्या तुकडीसह शिरूरला परतला. तुकडीतील सुमारे पावणेतीनशे माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली होती.

या कामगिरीबद्दल स्टाँटनला गव्हर्नर जनरलचा मानद एडीसी नेमण्यात आले आणि कंपनीच्या संचालकांनी त्याला मानाची तलवार दिली. त्याच्या पलटणीला ग्रेनेडियर हा बहुमान मिळाला आणि ‘कोरेगाव’ हे नाव तिच्या युद्धसन्मानांत दाखल झाले. रणभूमीवर उभारलेल्या जयस्तंभावर पडलेल्यांची नावे कोरण्यात आली. स्टाँटन १८२५ मध्ये मरण पावला. ‘कोरेगाव’ अशी पट्टी असलेले पदक निघाले ते त्यानंतर २६ वर्षांनी. ते केवळ हयात असणाऱ्यांसाठीच होते. त्यामुळे ज्याच्या नेतृत्वामुळे ती पट्टी मंजूर झाली, त्याच अधिकाऱ्याच्या छातीवर ती कधीही लागली नाही.

येथे तीन प्रकारचे सन्मान परस्परांपासून वेगळे करणे आवश्यक ठरते. तलवार व नेमणूक हा अधिकाऱ्याचा वैयक्तिक सन्मान, युद्धसन्मान हा पलटणीचा सामूहिक सन्मान आणि पदक हा प्रत्यक्ष हजर असलेल्या प्रत्येकाचा सन्मान. पहिला तत्काळ मिळाला, दुसरा टिकला आणि तिसरा ३३ वर्षे उशिरा आला. लढाईच्या वेळी पंचविशीत असलेला शिपाई १८५१ मध्ये साठीच्या घरात असणार. निवृत्तीनंतर गावी परतलेल्या, लिहिता–वाचता न येणाऱ्या अशा माणसापर्यंत या पदकाची वार्ता पोहोचणे आणि त्याने आपला हक्क सांगणे, ही सोपी गोष्ट नव्हती. या पदकावर देशी सैनिकांची नावे तुलनेने विरळ का आढळतात, याचे एक कारण येथे सापडते.

देशी अधिकाऱ्यांचे सन्मान

कंपनीच्या फौजेत सुभेदार व जमादार हे देशी अधिकारी होते, परंतु कितीही सेवा झाली तरी ते नव्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच राहत. त्यांची निष्ठा दृढ राहावी या हेतूने १८३७ मध्ये दोन सन्मान सुरू झाले. ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा रणांगणातील शौर्यासाठी, सर्व हुद्द्यांच्या देशी सैनिकांकरिता होता. त्याचे तीन वर्ग असून त्यांनुसार वेतनात एकतृतीयांश, दोनतृतीयांश व पूर्ण वेतनाइतकी भर पडे. ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा देशी अधिकाऱ्यांच्या दीर्घ व निष्ठावान सेवेसाठी होता. त्याच्या पहिल्या वर्गास ‘सरदार बहादूर’ हा किताब व रोज दोन रुपये, तर दुसऱ्या वर्गास ‘बहादूर’ हा किताब व रोज एक रुपया मिळे. हा सन्मान गळ्यात घालावयाचा असे. आरंभी त्याची फीत आकाशी होती, परंतु केसांच्या तेलाने ती मळते असे आढळल्यावर किरमिजी रंग स्वीकारला गेला. शिपायाच्या दैनंदिन जीवनाने सरकारी नियम बदलल्याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, परंतु हिंदी सैनिकांना तो खुला होण्यास १९११ उजाडावे लागले. शौर्य एकच असले तरी त्याची मापे दोन होती, हे या ५५ वर्षांच्या अंतरातून सिद्ध होते.

कोकणातील शिपाई आणि पदक हा दाखला

१८१८ नंतर दापोली हे दक्षिण कोकणातील लष्करी ठाणे झाले आणि पुढे निवृत्त सैनिकांची वस्ती म्हणून ते ओळखले गेले. आजही ‘कॅम्प दापोली’ या नावात ती स्मृती टिकून आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मराठा, महार आदी समाजांतील तरुण मुंबई सैन्यात मोठ्या संख्येने होते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच परंपरेतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ मध्ये महू येथील लष्करी छावणीत झाला, आणि निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस राहिले. सैन्यातील सक्तीच्या शिक्षणामुळे या कुटुंबांत अक्षरओळख पोहोचली होती.

१८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. ‘लढाऊ जमाती’ या कल्पनेने ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या लढाया लढविल्या त्यांनाच अपात्र ठरविले. या निर्णयाविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. पूर्वजांनी केलेली लष्करी सेवा हा या अर्जांतील युक्तिवादाचा कणा होता. कोरेगावच्या स्तंभावर ज्या नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे ती महार सैनिकांची नावे होत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या स्थळास भेट दिली तेव्हा दगडावरील त्या नावांना नवा अर्थ प्राप्त झाला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली व १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंटची स्थापना झाली ती १९४१ मध्ये.

या घटनाक्रमातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सत्तेने निष्ठेचे बक्षीस म्हणून दिलेली नोंद पुढे त्याच सत्तेसमोर हक्काचा पुरावा म्हणून मांडली गेली. ज्यांची नोंद झाली त्यांना पुरावा मिळाला. अंजनवेलसारख्या प्रसंगांतील शिपायांना तोही मिळाला नाही.

विसावे शतक : अंतर कमी होते

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेल्यावर त्यांतील असंख्य जवान कैदेत खितपत पडले. या युद्धातील १९१४–१५ चा कांस्य तारा, चांदीचे युद्धपदक व कांस्य विजयपदक ही कोकणातील घरांत आढळणारी पदके होत.

दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी असामान्य पराक्रम केला. तुकडीतील इतर सर्व जण मारले वा जायबंदी झाले असता त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे काबीज केले आणि नंतर शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ज्या १८५१ च्या नियमाने मृत स्टाँटनला पदक नाकारले, त्याच्या तुलनेत हा बदल लक्षणीय आहे.

अधिकारीवर्गातील बदलाचे उदाहरण म्हणजे कोल्हापूर भागातील शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये त्यांना राजाची सनद मिळाली. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे नेतृत्व केले आणि त्याबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. त्याच ब्रिगेडमधील थिमय्या व सेन या हिंदी पलटणप्रमुखांनाही तो लाभला. सुभेदाराला ज्या पायरीवर थांबावे लागे ती पायरी येथे ओलांडली गेली. स्वातंत्र्यानंतर थोरात यांनी कोरियातील हिंदी संरक्षक दलाचे आणि पुढे पूर्व विभागाचे नेतृत्व केले. त्यांच्या गणवेशावर ब्रिटिश राजाचा सन्मान आणि भारतीय प्रजासत्ताकाचे सन्मान एकत्र आले.

पदकाचे वाचन

अभ्यासकाने पदक हाती घेतल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, कड : पदकाच्या कडेवर बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. दुसरी, पट्टी : तिच्यावरून मोहीम व तिचा काळ ठरतो. तिसरी, धातू : एकाच पदकाचे चांदीचे व कांस्याचे असे प्रकार असतील तर त्यावरून लढाऊ सैनिक व बिगारी–मजूर दले यांतील भेद कळतो. चौथी, नावाची घडण : इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेल्या नावातून गाव, जात व उच्चार यांचे धागे सापडतात, मात्र ते इतर साधनांशी ताडून घ्यावे लागतात.

ही साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. चांदीचे पदक अडचणीच्या वेळी सोनाराकडे जाते आणि वितळले की कडेवरील नाव कायमचे पुसले जाते. ज्या शिपायाची अन्य कोणतीही लेखी नोंद गावात उरलेली नाही, त्याच्या बाबतीत ही हानी भरून निघणारी नाही. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आपल्या परिसरातील घरोघरी असलेल्या पदकांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे व कडेवरील मजकूर नोंदवून घेतल्यास, मूळ वस्तू कुटुंबाकडेच ठेवूनही एक मोलाचे स्थानिक दप्तर उभे राहू शकते.

निष्कर्ष

अंजनवेलच्या पाडावाला पट्टी मिळाली नाही, कारण पदक ठरविणाऱ्यांनी मैदानी लढाई स्मरणीय मानली आणि गडांची मोहीम गौण लेखली. कोरेगावला पट्टी मिळाली, परंतु ती इतक्या उशिरा आली की तेथील सेनानीही तिचा मानकरी होऊ शकला नाही. म्हणून पदक असणे हा शौर्याचा पुरावा असला, तरी पदक नसणे हा शौर्याच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. वाशिष्ठीच्या मुखावरील गोपाळगडाच्या तटाशी १७ मे १८१८ रोजी जे दोन्ही बाजूंनी उभे होते, त्यांची नावे कोणत्याही चांदीच्या कडेवर नाहीत. तटाच्या आत उभ्या असलेल्या शिबंदीला तर पदक देणारी सत्ताच उरली नव्हती. पदकांचा अभ्यास करताना कोरलेल्या नावांइतकाच या न कोरलेल्या नावांचाही विचार होणे अगत्याचे आहे.